नऊच पुरले असते

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला वजाबाकी येत नाही. मी मुठीत मावणारा एक जुना काउंटर आहे. अंगठ्याने खटका दाबला की माझ्या काचेमागचा आकडा एकाने पुढे सरकतो. चुकून दाबला तरी सरकतो, मुद्दाम दाबला तरी सरकतो. मागे यायची सोय माझ्या पोटात कुणी बसवलीच नाही. बाजूची कळ फिरवली तर सगळंच शून्य होतं. म्हणजे एक तर सगळं ठेवा, नाहीतर सगळं पुसा. एवढ्या एका उणिवेपायी एका चांगल्या पोरीचं वाटोळं झालं, आणि त्यात माझा हात होता.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, वर चकचकीत मुलामा, आत चार दातेरी चाकं. तपासणाऱ्या बाईने मला शंभर वेळा दाबलं. मी शंभरच दाखवले, तेव्हा कुठे तिने मला खोक्यात ठेवलं. तिथून मी एका मोठ्या कंपनीच्या गोदामात आलो. तिथले एक कारकून मला घेऊन दारात उभे राहायचे आणि ट्रकमधून उतरणारी पोती मोजायचे. पोतं फाटकं असो, ओलं असो, एक म्हणजे एक. हमाल त्यांना चिडवायचे, "काय मामा, घरी जिनाही मोजता का?"

"मोजतो की. सतरा पायऱ्या आहेत," ते शांतपणे सांगायचे.

तेव्हापासून त्यांचं नाव मोजमामा पडलं. अकरा वर्षं आम्ही दोघांनी पोती मोजली आणि एकदाही चुकलो नाही. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

मामांना बास्केटबॉलचं भारी वेड. कंपनीचा मुलींचा संघ होता, आणि सामना असला की मामा मला खिशात घालून नोंदीच्या टेबलावर जाऊन बसायचे. एका वर्षी संघात नवी सेंटर आली. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभी राहणारी, सगळ्यांत उंच खेळाडू. ही एकोणीस वर्षांची, आणि इतकी उंच की दार केवढंही असो, सवयीने मान वाकवूनच आत यायची. मुलींनी पहिल्याच दिवशी तिला 'शिडी' म्हणायला सुरुवात केली. तीही हसून ओ द्यायची.

कंपनीने तिला दोन वर्षांसाठी तात्पुरती नोकरी दिली होती. दोन्ही वर्षं खेळ चांगला झाला तर कायम, नाहीतर नमस्कार. घरी एकटी आई. ती शिवणकाम करायची आणि तिची नजर अधू होत चालली होती. शिडी कायम झाली की आई मशीन बंद करणार, असं मायलेकींचं ठरलं होतं.

प्रशिक्षक मामांना म्हणाले, "गुण सगळेच मोजतात. तुम्ही या पोरीचे रिबाउंड तेवढे मोजा." रिबाउंड म्हणजे रिंगला लागून परत आलेला चेंडू उडी मारून पकडायचा. सेंटरची खरी परीक्षा तिथेच होते. अशा रीतीने त्या पोरीची सगळी परीक्षा माझ्या चार चाकांवर आली.

आणि पोरगी होती कशी! उगाच उड्या मारायची नाही. चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळायचं, दुसरीच्या आधी पाऊल टाकायची आणि दोन्ही हातांनी ओढून घ्यायची. पहिल्या सामन्यात तिने नऊ पकडले. मी स्वतः मोजले, नऊ.

त्याच सामन्यात चार चेंडू असे आले की त्यांना तिची बोटं लागली, पण पकडले दुसऱ्याच मुलींनी. मामांचा अंगठा थबकला. "हात तर लागला ना तिचा!" ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी मला हळूच दाबलं. मित्रांनो, खरा खटका ठाम असतो. तो खटका तसा नव्हता. तो मांजराच्या पावलाने आला. असे चार आले. कागदावर तेरा लागले.

मामांना चोरी करायची नव्हती हो. त्यांना पोरबाळ नव्हतं, आणि शिडी जाता येता "मामा, जेवलात का?" विचारायची. त्यांनी लाड केला, बस. पण लाडाची चटक लागली. दर सामन्याला खरे सरासरी नऊ, कागदावर चार जास्त. मी ओरडून सांगू शकलो असतो तर! पण मला बोलता कुठे येतं, मला फक्त पुढे सरकता येतं.

वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. 'पहिल्याच वर्षी सामन्याला तेरा रिबाउंड!' आईने ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. व्यवस्थापकांनी पाठ थोपटली. लोक म्हणायचे, अशी सेंटर कधी झालीच नाही. मामा कौतुकाने फुलून जायचे, आणि मी त्यांच्या मुठीत मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो.

दुसऱ्या वर्षी कंपनीने मैदानावर कॅमेरे बसवले. आता रिबाउंड संगणक मोजणार होता. टेबलावर माझं काम उरलं नाही. मामा मात्र मला खिशात ठेवायचे आणि खिशातल्या खिशात मोजायचे. या वेळी अगदी खरं. संगणक अकरा म्हणाला, मीही अकरा म्हणालो. दर सामन्याला सरासरी अकरा. तुम्ही हिशेब केलात ना? पोरगी नऊवरून अकरावर गेली होती. एका वर्षात दोनने वाढली होती.

लोकांनी मात्र तेरावरून अकरा असा हिशेब केला.

"डोक्यात हवा गेली," प्रशिक्षक म्हणाले. "पहिलं वर्ष नशिबाचं होतं," व्यवस्थापकांनी नाक मुरडलं. ज्या वर्तमानपत्राने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, त्यानेच 'विसाव्या वर्षी उतरती कळा' असं छापलं. एकाच्याही जिभेला हाड नव्हतं.

एका सरावानंतर ती टेबलापाशी आली. घामाने चिंब, हातात बाटली.

"मामा, तुम्ही माझा एकेक रिबाउंड पाहिलाय. खरं सांगा, मी कुठे कमी पडते?"

मी मामांच्या मुठीत होतो. आता बोला, मी मनात म्हणत होतो, अजून वेळ गेलेली नाही.

"कमी कुठे पडतेस गं," मामा म्हणाले. "दिवस असतात असे."

तेरा पुसायचे तर सगळंच शून्य होईल, अकरा वर्षांचं त्यांचं नावसुद्धा, ही भीती त्यांच्या घामेजल्या तळव्यात मला कळत होती. त्यांनी मूठ इतकी आवळली की माझा आकडा उगाच एकाने पुढे गेला.

मग ती त्या तेराच्या मागे लागली. सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची. गुडघा सुजला तर पट्टी बांधून उड्या मारायची. "मागच्या वर्षी जमत होतं, मग आता का नाही?" असं म्हणत स्वतःवरच दात खायची. कधी न जमलेली गोष्ट ती परत मिळवायला निघाली होती. शेवटच्या सामन्यात ती उडी मारून खाली आली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, चालशील, पण उडी विसर. आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, नोकरी संपल्याचं.

तेव्हा कुठे मामांना कंठ फुटला. एका दुपारी ते तिच्या घरी गेले. पोरगी खाटेवर पाय लांब करून बसली होती, आई मशीन चालवत होती. मामांनी मला स्टुलावर ठेवलं.

"पोरी, पहिल्या वर्षीचे तेरा नव्हते. नऊ होते. वरचे चार माझ्या अंगठ्याचे."

मशीन थांबलं.

"म्हणजे नऊचे अकरा झाले होते?" तिने विचारलं.

"हो."

"मग मी वाढले होते की हो, मामा!" ती हसली. खरंच हसली. आणि मग तिने उशी तोंडावर घेतली.

आईने सुईखालचं कापड बाजूला केलं. "नऊ काय वाईट होते हो?"

"वाईट? त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या नव्या मुलीला सातही जमले नव्हते."

"मग नऊच पुरले असते की," आई म्हणाली. "लाड करायचे होते तर तिला एखादं चॉकलेट द्यायचं होतंत."

शिडी उशीआडून एवढंच बोलली, "पोती मोजायचात ना मामा, तसं मोजायचं होतंत मला."

दुसऱ्या दिवशी मामांनी व्यवस्थापकांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पहिलं वर्षही फुगवलेलंच! बरं झालं सांगितलंत." मामा हे सांगायला पुन्हा शिडीच्या घरी आले, दारातूनच सांगितलं आणि परत गेले. त्यानंतर ते फिरकले नाहीत. मला तिथेच ठेवून गेले.

मित्रांनो, ज्याच्यावर माया असेल त्याचं खरं काय आहे ते आधी नीट मोजा, आणि तेवढ्याचंच कौतुक करा. तुम्ही वर टाकलेले चार तुम्ही विसरून जाल. ते फेडायला त्यालाच उड्या माराव्या लागतील.

आई अजून मशीन चालवते. शिडी रोज सकाळी मला हातात घेऊन गुडघा वाकवायचा व्यायाम करते. पूर्ण वाकला तरच मला दाबते, तेही ठामपणे. काल ती दमून थांबली तेव्हा आई मशीनवरून म्हणाली, "आठ झाले गं, छान!"

"सात, आई," ती म्हणाली. "सातच झालेत."