दुखतंय कुणाला, विचारतात कुणाला

"आजारी असल्याचं सोंग करायला तुम्हाला शाळेतल्याच मुली का लागतात? आमच्याइतकं सराईत खोटं कुणी बोलत नाही म्हणून?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज म्हटल्यावर भिंगरी थोडीच मागे हटणार! घरच्यांनी हे नाव उगाच नव्हतं ठेवलं. मेडिकल कॉलेजच्या त्या खोलीत, सगळ्यांसमोर, तिने परीक्षक मॅडमना हे विचारलंच. शेजारी आईने कपाळाला हात लावला.

मॅडम मात्र हसल्या. "खोटं बोलायला नाही गं, गप्प बसायला. तेच अवघड."

डॉक्टरकीच्या परीक्षेतलं काम असं होतं: भिंगरी पोटदुखीची पेशंट, आणि आई तिची आईच. होऊ घातलेले डॉक्टर एकेक करून येणार, आठ मिनिटांत दुखणं शोधणार. दोघींना आपापला कागद मिळाला होता. भिंगरीच्या कागदावर एक गुपित होतं: वर्गातल्या मुली छळतात म्हणून ही मुलगी दुपारचं जेवतच नाही. पण आईला बाहेर पाठवून एकटीला विचारलं, तरच हे सांगायचं. नाहीतर तोंडाला कुलूप.

घंटा वाजली. पहिला आला, हात धुतले, गळ्यातला स्टेथोस्कोप सावरला आणि आईला म्हणाला, "कधीपासून दुखतंय हिला?"

हिला! पोट भिंगरीचं, ती चांगली समोर खाटेवर बसलेली, आणि प्रश्न आईला! दुसरीनेही तेच केलं. तिसऱ्याने तर भिंगरीचं पोट दाबलं आणि "इथे दुखतं?" म्हणत पाहिलं आईकडे. जसं काही तिथून आईपर्यंत वायरच टाकलीय! सहावा गेला तोवर भिंगरी दातओठ खात होती.

सातवी घाबरत घाबरत आली. स्टूल ओढून थेट भिंगरीसमोर बसली. "तूच सांग ना. शाळेत काही त्रास होतो का?"

भिंगरीने श्वास रोखला. आता आईला बाहेर पाठव, बाई, पाठव एकदाची!

"त्रासबीस काही नाही हो," आई म्हणाली. "मोबाईल, दुसरं काय! अभ्यास नको असला की बरोब्बर दुखायला लागतं."

सातवीने मान डोलावली, 'मोबाईल' लिहून घेतलं आणि गेली.

भिंगरीची कानशिलं तापली. कारण हे वाक्य नाटकातलं नव्हतंच, आई ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगायची! तीन महिने तिचं डोकं दुखत होतं, खरंखुरं. दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी रेघा नाचायच्या. दोनदा डॉक्टरांकडे जाऊनही त्या रेघांबद्दल बोलायला तिला मिळालं नव्हतं. तिने तोंड उघडायच्या आत आईचं उत्तर तय्यार. उद्या तिसरी खेप होती.

तेवढ्यात पडद्यामागून मॅडम आल्या. "वा! किती खरं वाटलं! ते मोबाईलचं आपण कागदातच घालून टाकू."

आई चक्क लाजली.

"घाला ना!" भिंगरी खाटेवरून उतरली. "खरंच म्हणते आई तसं. फक्त माझ्या डोक्याबद्दल, पोटाबद्दल नव्हे!"

"अगं, हळू. नाटक होतं ते."

"नाटक? तुझ्या कागदावर काय लिहिलंय, वाच. मोठ्याने वाच!"

आईने चष्मा लावला. "'मला नक्की माहीत नाही. तिलाच विचारा.'" आवाज शेवटी बारीक झाला.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. अजून चार जण बाकी होते. त्या चौघांना आईने कागदावरचं तेच वाक्य सांगितलं, शब्द न शब्द. तरी एकानेही तिला बाहेर पाठवलं नाही.

घरी बाबा कपड्यांच्या घड्या घालत होते. "काय, मायलेकींनी गाजवलं का स्टेज?"

"उद्या डॉक्टरांकडे मी आत एकटी जाणार," भिंगरी चप्पलही न काढता म्हणाली.

"एकटी? आणि काही चुकीचं सांगितलंस म्हणजे?"

"बाबा, दुखतंय मला. चुकेन कशी?"

बाबांनी आईकडे पाहिलं.

"तुम्हाला यायचं तर दोघंही या," भिंगरी म्हणाली. "पण बाहेरच्या बाकावर बसायचं. डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलं, तरी आधी मला विचारायचं. ठरलंय माझं."