खारट झुडपांचा माळ

ट्रॅक्टर धडधडत होता आणि त्याच्यापुढे माबरूका चहाची किटली घेऊन ठाण मांडून बसली होती.

"मावशी, ऊठ आता," आरोग्य केंद्राचा लामजद ओरडला. "नांगरायचंय."

"नांगर की. मी काय उंदीर आहे?"

"उंदीर निदान आवाज ऐकून पळतात!"

अंगणाला लागून असलेल्या या माळावर खारट झुडपांचं रान होतं. त्यावर माबरूकाच्या मेंढ्या पोसल्या जात आणि तेच खाऊन उंदीरही गलेलठ्ठ होत. त्यांना दुसरं काही चालत नसे. मागे लामजदने विषाचे गहू टाकले, तेव्हा उंदरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माबरूकाच्या कोंबड्यांनी मात्र सरकारचा मान राखला.

"उंदीर कुणाला चावलाय का?" तिने विचारलं.

"उंदीर नाही गं. त्याच्या बिळात बारीक माशी राहते. ती त्याला चावते आणि अंधार पडला की त्याचा रोग घेऊन तुझ्या अंगणात येते. झुडूप गेलं की उंदीर गेला, उंदीर गेला की माशी गेली."

"आणि मेंढ्या?"

लामजदने मिशी चोळली. केंद्राच्या कागदावर फक्त उंदीर होते.

गेल्या उन्हाळ्यात नात रिहाब या अंगणात आजीच्या कुशीत झोपली होती. थंडीच्या तोंडावर तिच्या गालावर, माशी चावली होती तिथेच, फोड आला, महिनोन्‌महिने चिघळला आणि वण ठेवून गेला. सून ओल्फा भांडली नाही. तिने फक्त मुलीला पाठवणं बंद केलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात माबरूकाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

तिने लामजदला चहा दिला, स्वतः घेतला आणि किटली उचलून बाजूला झाली.

"मुळापासून काढ. वरवर खरवडून पळू नकोस."

मेंढ्या बाजारात गेल्या.

उन्हाळ्यात मुलगा निजार रिहाबला घेऊन आला. दुपारभर पोर आजीला चिकटून होती.

"आजी, रात्री राहू?"

निजार चपलेकडे बघत पुटपुटला, "आई, ओल्फा म्हणते, पलीकडचे माळ अजून झुडपांनी हिरवेच आहेत. दिवेलागणीच्या आत..."

"बरोबर म्हणते." माबरूकाने नातीच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून गुंड्या लावल्या. "राहून काय करशील गं? मी घोरते. निजार, गाडी काढ. ऊन उतरलं."

गाडीमागची धूळ खाली बसली, तेव्हा माळावर अजून लख्ख ऊन होतं.