दिवेलागणीचं दूध

अंदमानला निघताना प्रयागबाईंनी काय बांधून घेतलं नव्हतं ते विचारा. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, गुळाचे खडे, ओवा, वेखंड, लेकरांच्या बेंबीला लावायला हिंग. पुण्याच्या विमानतळावर पिशवी उघडायला लावली, तर तपासणाऱ्या पोरीलाच त्यांनी एक दशमी देऊ केली. घेतलं नाही ते फक्त दूध.

"आत्या, समर्थच्या दुधाचं काय करायचं?" राजलक्ष्मीनं सासूला निघायच्या आदल्या दिवशी विचारलं होतं.

"दूध ही काय बरोबर न्यायची वस्तू हाय व्हय? माणूस तितं गाय."

त्यांच्या गावी, कन्हेरीत होतंच तसं. चार घरांच्या वस्तीलाही डेअरी, सकाळ-संध्याकाळ कॅनांचा खणखणाट. त्यांच्याच गोठ्यातून रोज चाळीस लिटर दूध जायचं. एखाद्या गावात गाईचं दूध मिळत नसेल, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि आता हॅवलॉक बेटावर, नारळाच्या झाडाखाली, दोन वर्षांच्या समर्थनं पावडरचं दूध आजीच्या लुगड्यावर थुंकलं. तिसऱ्यांदा.

त्याआधी खोक्यातलं दूध थुंकून झालं होतं. शहाळं नको, भात नको. रात्रभर तो आईचा कान मुठीत धरून रडला होता. दिवसा दमून डोळा लागायचा, की भुकेनं पुन्हा जागा. शेवटी राजलक्ष्मीच्या नवऱ्यानं, रविराजनं, एक युक्ती केली. घरी गुरं सांभाळायला राहिलेल्या धाकट्या भावाला, सौरभला, व्हिडिओ कॉल लावला.

"सौरभ, चांदीला दाखव."

पडद्यावर चांदीचं भलंमोठं ओलं नाक आलं. समर्थ क्षणभर गप्प झाला. रविराजनं संधी साधून पेला पुढं केला. समर्थनं एकदा गाईकडं पाहिलं, एकदा पेल्याकडं, आणि आपल्याला फसवतायत हे ध्यानात येताच असं भोकाड पसरलं, की तिकडं चांदी बिचकून मागं सरली.

"दादा, गाय घाबरली माझी," सौरभ म्हणाला. "परत नका करू फोन."

रविराजनं चपला घातल्या. "मी धक्क्यावर जातो. उद्याच्या पहिल्या बोटीची तिकिटं बघतो. उपाशी लेकरू घेऊन अजून तीन दिवस काय राहायचं?"

"मग तळाला काच असलेल्या बोटीतून बघायचे मासे?" सहा वर्षांच्या छकुलीचा ओठ थरथरला.

"घरी जाऊन टीव्हीवर बघ."

राजलक्ष्मीनं समोरच्या पाण्याकडं पाहिलं. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवचं. उजनीच्या पाण्याच्या काठावर बसून पलीकडं काय असेल याचा विचार करत मोठी झालेली ती. खरा समुद्र बघायचाच, आणि तोही लेकरांना घेऊन, म्हणून तीन वर्षं तिनं नवऱ्याच्या मागं भुणभुण लावली होती. आल्यापासून त्या निळ्याशार पाण्यात तिचे पाय घोट्यापर्यंतसुद्धा भिजले नव्हते.

"लेकरं घिऊन समुद्रात जायची हौस कुणाला हुती?" प्रयागबाई लुगडं झटकत म्हणाल्या.

"आणि माणूस तितं गाय कोण म्हणालं होतं?" हे राजलक्ष्मीच्या तोंडून निसटलंच.

प्रयागबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग उठल्या, पदर खोचला, चरवीसारखं दिसेल असं एक पातेलं हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मागून आणलं. "चल. म्हणाले हाय तर शोधून दावते. साडेचारच तर वाजल्यात. दिवेलागणीला अजून दीड तास हाय."

दिवेलागणीचं त्यांच्या मनात आलं ते उगाच नव्हे. तिन्हीसांजेला दिवा लागला, की दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम कन्हेरीत प्रसिद्ध होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी राजलक्ष्मीनं शेजारच्या वृषालीला संध्याकाळी वाटीभर दूध दिलं होतं. तिचं बाळ रडत होतं म्हणून. त्या वाटीवरून प्रयागबाई दोन दिवस सुनेशी बोलल्या नव्हत्या. "लक्ष्मी उंबऱ्याबाहेर घालवलीस," म्हणाल्या होत्या.

रस्ता सुपारीच्या आणि केळीच्या बागांतून जात होता. समर्थ कडेवर हुंदके देत होता. छकुली पुढं पळत होती. आणि तीच ओरडली, "आज्जे, शेण!"

प्रयागबाई अशा वाकल्या, जसं काही वाटेवर सोनं सापडलंय. पायाच्या अंगठ्यानं त्यांनी शेण दाबून पाहिलं. "आत्ताचं हाय. चरून घराकडं गेलीय. चला, खुरं बघा खुरं."

मग काय, सासू पुढं, मागं नात, त्यामागं सून आणि हुंदके देणारा नातू, अशी वरात खुरांच्या मागून निघाली. सायकलवरून जाणारे दोन गोरे पाहुणे थांबून बघत राहिले. राजलक्ष्मीला लाज वाटली, आणि जरा वेळानं हसूही आलं. एवढ्या लांब, एवढ्या समुद्रावरून आलो, आणि शोधतोय काय, तर शेण!

पण चालता चालता उजेडाचं काहीतरी बिनसलं. बागेत अंधारून आलं. राजलक्ष्मीनं फोन पाहिला. पाचला पाच मिनिटं.

"ढग आलं का गं?"

"ढग नाही आत्या. दिवस बुडतोय. इथं लवकर बुडतो, आल्यापासून याच्या रडण्यात ध्यानातच आलं नाही."

"पाचाला? हे कसलं गाव!" प्रयागबाईंनी चालायचा वेग दुप्पट केला.

बागेच्या टोकाला पत्र्याचं घर लागलं. अंगणात तुळस, गोठ्यात एक काळी गाय, आपल्या शेळीपेक्षा दोन बोटं मोठी असेल नसेल. ते अंगणात पाय टाकतात न टाकतात तोच आतून शंख वाजला. लाल काठाची साडी नेसलेली एक बाई बाहेर आली, तिनं तुळशीपुढं दिवा ठेवला आणि हात जोडले.

प्रयागबाई जागच्या जागी थांबल्या. पातेलं पदराआड गेलं. "दिवा लागला," त्या हळूच म्हणाल्या. "आता न्हाय मागायचं."

"आत्या, लेकरू उपाशी आहे!" राजलक्ष्मी पुढं झाली. तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, घर, गाई, पावडर, रात्रभराचं रडणं. बाईनं ऐकून घेतलं. समर्थच्या गालावरून हात फिरवला. आणि दिव्याकडं बोट दाखवून मान हलवली. संध्याकाळ झाली, आता दूध घराबाहेर जात नाही. सकाळी या.

राजलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सकाळी तर बोट.

"बरोबर हाय तिचं," प्रयागबाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. वाटीवरून धरलेला तो दोन दिवसांचा अबोला दोघींनाही एकदमच आठवला असावा, कारण दोघींनीही एकमेकींकडं बघायचं टाळलं.

तेवढ्यात समर्थनं गाय पाहिली. रडणं तिथंच थांबलं. आईच्या कडेवरून तो सरळ खाली घसरला, गोठ्यात गेला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "चांदी!" काळ्या गाईनं मान वळवून त्याचा कान चाटला.

ती बाई हसली. प्रयागबाईंनी मात्र एकदा गोठ्याकडं पाहिलं, एकदा घराच्या उंबऱ्याकडं, आणि एकाएकी चपला काढून, उंबरा ओलांडून सरळ ओसरीत जाऊन मांडी घातली. पातेलं बाजूला सारलं.

"बाई," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "दूध घराबाहेर देऊ नगं. आमीच आत आलोय." जमिनीवर हात थोपटून त्यांनी आधी आपल्याकडं, मग घराकडं, मग समर्थकडं बोट केलं.

बाईला मराठी कळत नव्हती, पण हिशेब बरोबर कळला. ती इतकी हसली, की पदर तोंडाला लावावा लागला. आत जाऊन तिनं दूध तापवलं, दोन पेल्यांतून वर-खाली करून निववलं आणि समर्थला आपल्याच मांडीवर घेतलं. पहिल्या घोटाला त्यानं डोळे मिटले. ओठावर दुधाच्या पांढऱ्या मिशा उमटल्या. पेला रिकामा करून त्यानं "आणी" म्हणून पुढं केला, आणि दुसरा संपता संपता जवळ वाकलेल्या आईचा कान चाचपत झोपून गेला.

राजलक्ष्मीनं नवऱ्याला फोन लावला. कुजबुजत म्हणाली, "अहो, तिकिटं काढू नका."

"का? काय झालं?"

"काही नाही. तुमच्या आईनं कायद्यात पळवाट शोधलीय."

पुढचे तीनही दिवस ते सगळे चारलाच त्या ओसरीत हजर. पेला रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून प्रयागबाई रोज त्यात काहीतरी घालायच्या. एकदा गूळ, एकदा चटणी, शेवटच्या दिवशी उरलेलं सगळंच. छकुलीनं काचेच्या बोटीतून मासे पाहिले. राजलक्ष्मी गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, समर्थला दोन्ही हातांनी धरून, लाट आली की दोघं एकदमच किंचाळायची.

कन्हेरीला परतल्यावर आठवड्यानं, देवापुढं दिवा लावून झाला होता आणि दारात वृषाली आली. काखेत धाकटं लेकरू, हातात वाटी. दिवा बघून तशीच मागं वळली.

"अगं ए," प्रयागबाईंची हाक आली. "वाटी ठेव तितंच. लेकराला घिऊन आत ये."

चुलीवरचं दूध उतरवताना राजलक्ष्मीला हसू आवरेना.