डॉटला शनिवारपर्यंतची मुदत

मंगळवारी सकाळी किंकाळी ऐकली आणि फ्रेया जिन्यावरून जी धावली ती थेट टिलीच्या पाळण्यापाशी. दहा महिन्यांची टिली पायाचा अंगठा तोंडात धरून छताकडे बघत होती. तिला कुणी चावलं नव्हतं, ती कुठून पडली नव्हती, तिच्या घशात काही अडकलं नव्हतं. फ्रेयानं तिन्ही गोष्टी नीट तपासल्या, मगच दुसरी किंकाळी परसातून येतेय हे तिच्या ध्यानात आलं.

परसात तिचे सासरे क्लिफर्ड मेटकॅफ दवात गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचा हात कोपरापर्यंत फेरेटांच्या पिंजऱ्यात होता. ससे बिळाबाहेर काढायला पाळलेल्या, मुंगसापेक्षा लहान पण मुंगसासारख्याच लवचिक अशा त्या दोघी बहिणी. पांढरी फ्लॉस आणि काळ्या तोंडाची डॉट. डॉटनं फ्लॉसची मान दातात धरून तिला पेंढ्यात आपटायचा सपाटा लावला होता. क्लिफर्डनी कसंबसं त्यांना सोडवलं, फ्लॉसला जाकिटात कोंबलं आणि पिंजऱ्याचं दार पायानं लावलं. त्यांच्या अंगठ्यातून रक्त गळत होतं. फेरेटं घाबरली की सोडतात तो कुबट वास परसभर पसरला होता. फ्रेयानं बाहीनं नाक दाबलं. क्लिफर्डना त्याचं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांना वास येणंच बंद झालं होतं. तेव्हापासून करपलेला टोस्टही ते चवीनं खात.

"काय झालं हो?"

"डॉट फिरली," क्लिफर्ड म्हणाले.

"फिरली म्हणजे?"

"फिरली म्हणजे फिरली, पोरी. तीन वर्षं एका पेंढ्यात झोपल्या, एकीच्या अंगावर दुसरीचं डोकं. आज सकाळी उठली आणि बहिणीच्या नरड्याला लागली. होतं असं. एकदा झालं की पुन्हा होतं."

"मग आता?"

"फिरलेलं जनावर मेटकॅफांनी कधी ठेवलं नाही. माझ्या बापानं नाही, त्याच्या बापानं नाही. त्यात घरात तान्हं पोर." त्यांनी रक्ताळलेला अंगठा पँटला पुसला. "पुढच्या शनिवारी क्रिकेटच्या मैदानावरचे ससे काढायचेत. तेवढं काम तिच्याकडून करून घेतो. संध्याकाळी नेतो शेडमागे."

शेडमागे म्हणजे काय, हे यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

खरं सांगायचं तर फ्रेयाला आधी बरंच वाटलं. नवरा रॉस समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. मागं ती, टिली, सासरे आणि परसात दातांच्या दोन पुरचुंड्या. टिली रांगायला लागल्यापासून फ्रेयानं टेबलांच्या कोपऱ्यांना फोम लावला होता आणि विजेच्या भोकांना झाकणं. फेरेटांना झाकण कुठून लावणार? आता त्यातली एक आपसूक कमी होत होती.

पण फ्लॉसला वेगळ्या पिंजऱ्यात हलवलेलं आणि चावलेल्या अंगठ्यामुळं क्लिफर्डचा हात बांधलेला. तेव्हा डॉटला खाऊ घालायचं काम फ्रेयाकडे आलं, आणि फ्रेयाला एखादी गोष्ट नुसती करता येत नसे. तिला ती बघावी लागे. टिलीचं दूध, झोप, शी, शिंका, सगळं ती एका वहीत लिहून ठेवायची. क्लिफर्ड त्या वहीला 'पोरीचं बायबल' म्हणत. बुधवारी तिनं त्याच वहीत एक रेघ मारून बाजूला लिहिलं : डॉट.

बुधवार दुपार : शांत. मांस हातातून घेतलं. गुरुवार सकाळ : शांत, बोट चाटलं. गुरुवार दुपार : फुसफुस, शेपूट फुलून बाटली घासायच्या ब्रशासारखी, जाळीवर झेप. शुक्रवार सकाळ : शांत. शुक्रवार दुपार : पुन्हा झेप.

शनिवारी टिली झोपल्यावर ती चहाचा कप घेऊन वही वाचत बसली. फिरलेलं जनावर सकाळी शहाणं आणि दुपारी वेडं कसं होईल? आणि मग बुधवारी दुपारी का नाही? तिनं डाव्या बाजूचा टिलीचा रकाना पाहिला. गुरुवार दुपार : आंघोळ. शुक्रवार दुपार : आंघोळ. बुधवारी टिलीला सर्दी होती, आंघोळ नव्हती.

तिनं आपले हात नाकाशी नेले. टिलीच्या साबणाचं लव्हेंडर.

आणि मग तिला सोमवार आठवला. आठवला म्हणजे काय, विसरला कधी होता. नुसता झाकून ठेवला होता. सोमवारी पिंजऱ्याची कडी नीट लागली नव्हती आणि फ्लॉस टिलीच्या रिकाम्या बाबागाडीत, टिलीच्या पांघरुणात मुटकुळं करून झोपलेली सापडली. फ्रेयानं पांघरूण उकळत्या पाण्यात टाकलं आणि फ्लॉसला टिलीच्याच टबात, टिलीच्याच साबणानं, एकदा नाही, दोनदा न्हाऊ घातलं. डॉटचाही नंबर होता, पण तेवढ्यात टिली उठली. क्लिफर्ड बाजारात गेले होते. शिकारीच्या फेरेटाला पाणी लावायचं नसतं, हे त्यांनी तिला लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं होतं. म्हणून तिनं फ्लॉसला टॉवेलनं खसाखसा पुसून परत ठेवलं आणि चकार शब्द काढला नाही.

म्हणजे डॉट फिरलीच नव्हती. तिच्या घरात बहिणीचं तोंड घेऊन कुणीतरी परकी शिरली होती.

फ्रेया लीड्सला रसायनशास्त्र शिकली होती. नुसत्या वाटण्यावर तिचा विश्वास नव्हता. टिलीचे दोन जुने मोजे घेतले. एक नुसत्या पाण्यातून काढला, दुसरा लव्हेंडरच्या साबणातून. दोन्ही वाळवून काठीला बांधले आणि एकेक जाळीतून आत सरकवला. पहिल्या मोज्याला डॉटनं नाक लावलं आणि पाठ फिरवली. दुसऱ्याच्या तिनं चिंध्या केल्या.

फ्रेया तिथंच, गारठलेल्या परसात, उकिडवी बसून राहिली. बरोबर निघाल्याचा आनंद आधी झाला. मग लाज वाटली.

रविवारी जेवणाच्या टेबलावर, बटाटे वाढता वाढता, तिनं सांगून टाकलं. क्लिफर्डनी काटा खाली ठेवला.

"तू फेरेटाला आंघोळ घातलीस."

"हो."

"साबणानं."

"हो."

"कसल्या?"

"लव्हेंडरच्या. बाळांचा असतो तो. डोळ्यांना झोंबत नाही."

क्लिफर्ड खुर्चीत मागं रेलले. "तीन पिढ्या झाल्या," ते म्हणाले, "आमच्या फेरेटांना कुणी न्हाऊ घातलं नव्हतं. आणि घातलं तर डोळ्यांना झोंबू नये याची काळजी घेऊन." त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत हे कळायला फ्रेयाला जरा वेळ लागला. मग ते एकदम थांबले आणि त्यांनी आपलं नाक चिमटीत धरलं. "हे शाबूत असतं ना, तर मी मंगळवारीच ओळखलं असतं. बघ, म्हातारा झाला की माणूस आधी जनावराला दोष देतो."

"म्हणजे डॉटला काही करणार नाही ना तुम्ही?"

"तसं कुठं म्हणालो मी? कारण काही असू दे, दात लागले ते लागले. आता फ्लॉस तिला बिचकणार, ती फ्लॉसला बिचकणार. बिळात आतल्या आत जुंपली तर आपण काय वरून शिट्टी मारणार?"

"शनिवारपर्यंत मला द्या त्या दोघी."

"तुला? तू तर मांजर शिंकलं तरी पोरीला उचलतेस."

"शनिवारपर्यंत."

क्लिफर्डनी काटा उचलला. "दिल्या. पण शनिवारी दोघी एकाच बिळात जातील. आत भांडल्या, तर डॉटची संध्याकाळ ठरलेली. मग वही घेऊन माझ्यामागं यायचं नाही."

पुन्हा धुवायची सोय नव्हती. धुतलं की आणखी नवा वास. मग फ्रेयानं क्लिफर्डचं शिकारीचं जुनं बिनबाह्यांचं जाकीट मागितलं. वीस वर्षांत पाणी न लागलेलं, सशांचं, तंबाखूचं, मातीचं. त्यांनी ते जड मनानं दिलं. तिनं कात्रीनं त्याचे उभे दोन तुकडे केले तेव्हा ते खोलीबाहेर गेले. एक तुकडा डॉटच्या पिंजऱ्यात, एक फ्लॉसच्या. रोज सकाळी अदलाबदल. टिलीच्या अंगाला त्या आठवड्यात नुसतं कोमट पाणी लागलं.

"माझ्या जाकिटाची अंथरुणं झाली," क्लिफर्ड दूधवाल्याला सांगत होते. "सून शिकलेली आहे."

गुरुवारी दुपारी भेट ठरली. कुठं? दोघींपैकी कुणाचंच घर नाही अशा जागी. घरात तशी एकच जागा होती : रिकामा बाथटब. फ्रेयानं दोघींच्या मानेवर माशाच्या तेलाचा एकेक थेंब चोळला, ओव्हनचे जाड हातमोजे घातले आणि टबाच्या कडेला बसली. क्लिफर्ड कमोडचं झाकण लावून त्यावर टिलीला मांडीत घेऊन बसले, थिएटरात बसल्यासारखे.

"नियम ऐक," ते म्हणाले. "ओरडली, तर हात घालायचा. नुसती फुसफुसली, तर हात खिशात. मधे पडलीस की त्यांचं त्यांना कधीच मिटवता येणार नाही."

"समजलं."

"समजलं म्हणू नकोस. खिशात घाल."

फ्रेयानं हातमोज्यांसकट हात एप्रनच्या खिशात कोंबले. डॉट आणि फ्लॉस टबात उतरल्या. फ्लॉस कोपऱ्यात आक्रसली, शेपटी फुलली. डॉटनं हवा हुंगली, दोन पावलं पुढं आली आणि झपकन फ्लॉसची मान धरली.

फ्रेया अर्धी उठली.

"ओरडली का?" क्लिफर्ड.

"नाही, पण—"

"खिशात."

डॉटनं फ्लॉसला टबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत नेलं. नखांचा चरचराट होत होता. फ्रेयानं खिशातच मुठी आवळल्या. तिला वाटलं, आता. आता ओरडेल. फ्लॉस फुसफुसली, उलटली, तिनं डॉटच्या कानाला तोंड लावलं, आणि तेवढ्यात डॉटची पकड सुटली. तिची जीभ बाहेर आली. एकदा चाटलं. पुन्हा चाटलं. मग ती माशाचं तेल अशा काही निष्ठेनं चाटू लागली की फ्लॉसलाही आपल्यासमोर एक तेलकट मान आहे हे उमगलं. दोघी एकमेकींना चाटत बसल्या. शेवटी डॉटनं पाठीची कमान केली, तोंड उघडलं आणि टबभर तिरप्या उड्या मारत, घशातून 'कुडुक कुडुक' करत नाचू लागली. फ्लॉसही तिच्यामागं.

"आता काढ हात," क्लिफर्ड म्हणाले. टिली टाळ्या पिटत होती.

शनिवारी मैदान पांढरं झालं होतं, गवताचं पान न् पान दहिवरानं कडक. पॅव्हेलियनमागच्या उतारावर सशांनी निम्मी सीमारेषा पोखरली होती. मैदानाची देखभाल करणारा हेडली हात चोळत उभा होता.

"काय मेटकॅफ," तो म्हणाला, "ऐकलं, तुझी जनावरं हल्ली अत्तर लावून फिरतात?"

"तू तोंड बंद ठेव. तुझ्या आवाजानं ससे म्हातारे होतील."

बिळांच्या अठ्ठावीस तोंडांवर जाळ्या लागल्या. टिली बाबागाडीत, लोकरीत गुंडाळलेली, मागं दूर. दोघींच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारे पट्टे. क्लिफर्डच्या हातातलं छोटं यंत्र जमिनीखाली त्या कुठं आहेत ते टिकटिकून सांगत होतं. डॉट आत गेली. तिच्या मागोमाग, त्याच तोंडानं, फ्लॉस.

मग शांतता. अशा कामात पाय आपटायचा नसतो, खोकायचं नसतं. यंत्राची टिकटिक उताराच्या पोटातून सरकत गेली, एक डावीकडं, एक उजवीकडं. मग दोन्ही एकाच जागी आल्या. आणि थांबल्या.

एक मिनिट. दोन मिनिटं. जमिनीखालून काहीतरी दबका धडधडाट आला.

क्लिफर्डचा चेहरा उतरला. "जुंपली," ते पुटपुटले आणि त्यांनी फावडं उचललं. "खणून काढतो. एकीला तरी—"

फ्रेया गुडघ्यांवर बसून जमिनीला कान लावून होती. तिलाही खणायचं होतं. तिची बोटं आपोआप मातीत रुतली होती. पण दहा महिने पाळण्याशी कान लावून बसलेल्या बाईला ओरडण्यातला आणि बाकीच्या आवाजांतला फरक कळतो.

"ओरडली का कुणी?" ती म्हणाली.

"काय?"

"ओरडली नाही. हे ससे पाय आपटताहेत." तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. "हात खिशात, क्लिफ."

हेडलीनं असं काही क्लिफर्ड मेटकॅफला कुणी म्हटलेलं आयुष्यात ऐकलं नव्हतं. क्लिफर्डनी फावडं खाली टेकवलं. आणि हात खरोखरच खिशात घातले.

पहिला ससा वरच्या तोंडातून गोळीसारखा सुटला आणि जाळीत गुरफटला. दुसरा त्याच्या पाठोपाठ. मग तीन तोंडांतून एकदम. बिळातल्या एका बोळात दोन्ही बाजूंनी कोंडलेलं सशांचं अख्खं कुटुंब दोघींनी मिळून उधळलं होतं. हेडली धडपडत या जाळीवरून त्या जाळीवर झेपावत होता, क्लिफर्ड बांधलेल्या हातानंच कामाला लागले होते, फ्रेया ओरडत होती, "तुमच्यामागं! तुमच्यामागं!" आणि आता गप्प बसायचं कुणालाच भान नव्हतं. बाबागाडीतून टिली तर केव्हाची किंचाळत होती, निव्वळ आनंदानं. आणि फ्रेया आयुष्यात पहिल्यांदा तिच्या किंचाळण्यानं धावली नाही.

एकोणीस. इतके ससे त्या उतारावरून एका सकाळी कधीच निघाले नव्हते.

शेवटी डॉट बाहेर आली, मिशांना माती, डोळे मिचकावत. तिनं वळून बिळाकडं पाहिलं आणि फ्लॉस येईपर्यंत ती हलली नाही. मग दोघींनी नाकाला नाक लावलं.

क्लिफर्डनी दोघींना पेटीत ठेवलं. आत जाकिटाचे दोन्ही तुकडे होते. झाकण लावेपर्यंत फ्लॉस एका तुकड्यावर पसरली होती आणि डॉटचं डोकं तिच्या पोटावर होतं. त्यांनी पेटीचा पट्टा स्वतःच्या खांद्यावर घेतला नाही. तो फ्रेयाच्या खांद्यावर अडकवला.

"मग संध्याकाळी?" हेडलीनं विचारलं. "शेडमागे?"

"संध्याकाळी सशाचं मटण," क्लिफर्ड म्हणाले. "आणि पहिला तुकडा डॉटचा. ए पोरी, ती वही आण इकडं."

फ्रेयानं बाबागाडीच्या खिशातून वही काढली. क्लिफर्डनी पेन्सिलीला थुंकी लावली, डॉटचा रकाना शोधला आणि मोठ्या, चौकोनी अक्षरांत लिहिलं : एकोणीस. मग जरा विचार करून त्यांनी शेजारी, टिलीच्याही रकान्याच्या पलीकडं, नवी रेघ मारली आणि वर नाव घातलं : फ्रेया. त्याखाली लिहिलं : हात खिशात. चोख.