हिरव्यातला काटा

गाडीचा मीटर मागे फिरवण्यात काही पाप आहे, असं मीटरवाल्याला कधी वाटलंच नाही. माणसं केस काळे करतात, वय चोरतात, पोट आत ओढून फोटो काढून घेतात. मग एखाद्या म्हाताऱ्या गाडीने चार वर्षं लपवली तर कुणाचं काय बिघडलं? जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दुकानांची लांबच लांब ओळ होती, तीत त्याचं दुकान सगळ्यात लहान आणि तोरा सगळ्यात मोठा. कुठल्याही तबकडीचा काटा तो म्हणेल तिथे उभा राहायचा. हे तो स्वतःच सांगायचा, आणि दिवसातून दोनदा तरी सांगायचा.

त्याच ओळीत त्याचे भाऊजी गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. आई गेली तेव्हा मीटरवाला अगदीच लहान होता. ताईनेच त्याला न्हाऊ-खाऊ घातलं, त्याची आजारपणं काढली, त्याच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं. तो चाळिशीला टेकला, डोक्यावरचे केस पातळ झाले, तरी ताई त्याला अजून ‘छोट्या’च म्हणायची. जगात या माणसाला लाज वाटत असेल तर ती फक्त ताईची. बाकीच्यांना तो खिशात घालून फिरायचा. बाहेर त्याच्याबद्दल कुणी काही बोललं की ताई ठामपणे म्हणायची, “माझा छोट्या तसा नाही हो.” या एका वाक्यावर त्याची आजवर निभावली होती.

भाऊजी सरळ मनाचे. इतके सरळ की शेजाऱ्याने वैतागावं. तरुणपणी त्यांनी भर रस्त्यात एक गाडी जळताना पाहिली होती. भोवती गाड्याच गाड्या उभ्या, आणि एकाच्याही गाडीत आग विझवायला काही नाही. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. तेव्हापासून आग विझवायचा लाल सिलिंडर कायम त्यांच्याबरोबर. गाडीत असला तर ड्रायव्हरच्या सीटखाली, हाताला लागेल असा. डिकीत सामानाखाली ठेवणाऱ्यांना ते विचारायचे, “गाडी पेटल्यावर आधी बॅगा उतरवणार का?” दुकानात आले की सिलिंडर उतरवून शिलाई मशीनशेजारी ठेवायचे. रोज सकाळी ते तो फडक्याने पुसायचे, आतली पावडर बसू नये म्हणून उलटा करून हलवायचे, आणि मग त्याच्या डोक्यावरच्या बारक्या तबकडीत डोळा घालून बघायचे. काटा हिरव्या पट्टीत असला तर आत दाब आहे, लाल पट्टीत गेला तर सिलिंडर निकामी.

ओळीने त्यांचं नाव ‘बंबशेठ’ ठेवलं. भाऊजींना राग नाही. उलट कुणी चेष्टा केली की त्यालाच धरून शिकवायचे. “बॉनेटमधून धूर आला तर बॉनेट उघडायचं नाही. हवा मिळाली की भडका. नुसता आतला खटका ओढायचा, बॉनेट जरासं सुटतं. त्या फटीतून नळी घालून मारायचं.” लोक माना डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे.

आता मीटरवाल्याच्या मनात अढी का बसली, तेही सांगायला हवं. एका दलालाने विकायला काढलेली गाडी त्याने अशी काही तरुण करून दिली होती की बघत राहावं. गिऱ्हाईक खूश होऊन सीट कव्हरचं माप द्यायला भाऊजींकडे गेलं. भाऊजींनी सीट दाबली, ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर पाहिलं, मीटरवर नजर टाकली, आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेले, “ही गाडी मीटर सांगतोय त्याच्या तिप्पट पळालीय. हा मीटर खोटं बोलतोय.” गिऱ्हाईक गेलं. दलालही तुटला. ओळीतली माणसं पोट धरून हसली, मीटरवालाही हसला, पण ते हसू त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

संध्याकाळी भाऊजी म्हणाले, “मनावर घेऊ नकोस. खोटं बोलवलं नाही मला.”

“छे हो भाऊजी,” तो म्हणाला, “तुमचं बरोबरच आहे.”

पुढे एका दुपारी भाऊजी तयार कव्हरं पोचवायला पायीच शेजारच्या गल्लीत गेले होते. शेजारचा पेंटर जेवून बाकावर पसरला होता, तोंड उघडं टाकून घोरत होता. मीटरवाल्याने मशीनशेजारचा सिलिंडर उचलला, पिन काढली, आणि पेंटरवर सोडला. पेंटर ठसकत उठला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. टायरवाला हसता हसता खाली बसला. भर रस्त्यातली माणसं थांबून हसली. सिलिंडर पार रिकामा होईपर्यंत मीटरवाल्याने दांडा सोडला नाही.

हसून झाल्यावर टायरवाल्याच्या ध्यानात आलं. “आता बंबशेठला काय सांगणार?”

“त्याला कळलं तर सांगणार ना? मी भरून ठेवतो.”

तो सिलिंडर घेऊन आपल्या दुकानात गेला, शटर अर्धं ओढलं. खरंच भरून आणायचं त्याच्या मनात होतं. पण टेबलावर ठेवल्यावर त्याची नजर त्या बारक्या तबकडीवर गेली. काटा लाल पट्टीत पडून होता. आणि त्याचे हात शिवशिवले.

त्याने सिलिंडरचं डोकं फिरवून उघडलं. आत चाळलेली वाळू ओतली, पुन्हापुन्हा हातात तोलून पाहिली, वजन जमलं तेव्हाच थांबला. हलवला की आत पावडरीसारखंच काहीतरी सरकायचं. मग तबकडीची काच अलगद काढली, काटा हिरव्याच्या बरोब्बर मधोमध आणला, आणि मागून डिंकाचा थेंब सोडला. काच बसवली, पिन घातली, तारेचं सील ओढलं. आयुष्यात इतकं सफाईदार काम त्याने केलं नव्हतं. “घ्या भाऊजी,” तो स्वतःशीच म्हणाला, “आता तुमचाही काटा खोटं बोलतोय. ओळखून दाखवा.”

नंतर टायरवाल्याने विचारलं, “भरलास ना रे?”

“तेव्हाच,” मीटरवाला म्हणाला.

त्याला भाऊजींच्या जिवाचं काही करायचं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. त्याला फक्त मजा बघायची होती, आणि ती त्याने मनसोक्त बघितली. रोज सकाळी चहाचा ग्लास घेऊन तो भाऊजींच्या पायरीवर येऊन बसायचा. भाऊजी सिलिंडर पुसायचे, हलवायचे, तबकडीत डोळा घालायचे.

“काय भाऊजी, काटा कुठाय?”

“हिरव्यात आहे रे बाबा.”

“बघा हं नीट.”

“तूच बघ.”

मग तोही वाकून बघायचा आणि म्हणायचा, “हिरवागार!” हे म्हणताना त्याच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. दुसऱ्याचा विश्वास फुकट चाखण्याची चटक लागली की सुटत नाही. आज सांगू, उद्या सांगू, चारचौघांत सांगून फजिती करू, असं म्हणत त्याने ते लांबवलं, आणि मग त्याच्या लेखी ती गोष्ट जुनी होऊन गेली. भाऊजी मात्र रोज तितक्याच मनापासून बघत राहिले.

मीटरवाल्याची स्वतःची एक जुनाट गाडी होती. काढलेले मीटर तपासायला सोयीचं म्हणून त्याने तिच्या बॅटरीवरून थेट वायर ओढून आत आणली होती, मधे फ्यूजसुद्धा नाही. भाऊजींनी दोनदा टोकलं होतं, “फ्यूज घाल रे, ती वायर पेट्रोलच्या नळीला घासतेय.” त्याने दोन्ही वेळा हो म्हटलं होतं.

त्या दिवशी भर दुपारी तो गाडी मागे घेत होता. भाऊजींच्या दुकानासमोर आल्यावर जळक्या रबराचा वास आला आणि बॉनेटच्या कडेने धूर निघाला. तो दार उघडून बाहेर पडला आणि ओरडला. ओरडायची गरजच नव्हती. भाऊजी सिलिंडर उचलून पायरी उतरलेसुद्धा होते. इतकी वर्षं ते यासाठीच थांबले होते जणू.

“बंबशेठ, आज तुमचा दिवस!” पेंटर ओरडला. टायरवाल्याने शिट्टी मारली.

“इंजिन बंद केलंस?” भाऊजींनी विचारलं.

“केलं.”

“बॉनेटला हात लावू नकोस. खटका ओढ आणि बाजूला हो.”

त्याने खटका ओढला आणि बाजूला झाला. बॉनेट बोटभर सुटलं. फटीतून पिवळी ज्योत दिसत होती. भाऊजींनी पिन उपसली.

‘भाऊजी, तो रिकामा आहे.’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आले होते. पण रिकामा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, तुला कसं माहीत? मग वाळू, मग डिंक, मग पायरीवरचा तो रोजचा चहा. आणि रात्री ताई समोर बसून विचारणार, छोट्या, खरं का हे? नाहीतरी काय होणार आहे, त्याने मनाशी म्हटलं, दाबतील, काही येणार नाही, मागे सरतील. गाडी जळेल. जळू दे.

“भाऊजी, जपून!” तो ओरडला.

भाऊजींनी नळी फटीत धरून दांडा दाबला. काही आलं नाही. पुन्हा दाबला. त्यांनी सिलिंडर वर घेऊन तबकडी बघितली, आणि काटा हिरव्यात होता. लाल दिसला असता तर ते तिथेच मागे सरले असते, कारण या बाबतीत ते वेडं धाडस करणारे नव्हते. पण काटा हिरव्यात होता, म्हणजे दाब होता, म्हणजे नळीच कुठेतरी अडली असणार. त्यांनी पुन्हा नळी आत घातली. ती नीट जाईना म्हणून दुसऱ्या हाताने बॉनेट जरासं उचललं, आणि आतलं दिसावं म्हणून तोंड खाली नेलं.

भडका त्यांच्या तोंडावर आला.

पेंटर धावला, टायरवाला धावला, कुणी पाण्याची बादली आणली, कुणी गोणपाट. सगळे भाऊजींकडे धावले. मीटरवाला सिलिंडरकडे धावला. तो रस्त्यावर गडगडत होता. त्याने पायाने ढकलून तो जळत्या गाडीखाली सारला, पार आतपर्यंत, तेव्हा कुठे भाऊजींचं नाव घेऊन रडायला लागला. गाडी जळून नुसतं लोखंड उरलं. सिलिंडरचा कोळसा झाला, आणि तबकडी होती की नव्हती हे सांगायलाही जागा राहिली नाही. टायरवाल्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून टायरला पंप लावला. ओळीत कुणी कुणाचं बिंग फोडत नसे.

हॉस्पिटलमध्ये भाऊजी डोळ्यांवर पट्ट्या आणि हातांवर बँडेज घेऊन पडले होते. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याचं डॉक्टर काही बोलत नव्हते. ताई स्टुलावर बसून चमच्याने त्यांना पाणी पाजत होती. भावाला बघून तिचा बांध फुटला.

“छोट्या, पेंटर सांगत होता, तू ओरडलास म्हणे जपून म्हणून. तुझं तरी ऐकायचं होतं रे यांनी!”

मीटरवाल्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सुटलो, त्याला वाटलं.

“कोण, छोट्या?” भाऊजींचा आवाज बसला होता. “तुझी गाडी नाही रे वाचवता आली. वाईट वाटतंय.”

“गाडीचं काय घेऊन बसलात, भाऊजी.”

“मला एकच कळत नाही. काटा हिरव्यात होता. सकाळी पाहिला, तिथेही पाहिला. तूही रोज बघायचास ना? मग आलं का नाही काही?”

इथे त्याने गप्प बसायचं होतं. पण काटा हिरव्यात होता म्हटलं की उद्या कुणीतरी विचारणार, मग हिरव्यात कसा. तो प्रश्न उगवायच्या आतच खुडलेला बरा, असं त्याला वाटलं.

“नाही भाऊजी,” तो हळुवारपणे म्हणाला. “त्या दिवशी लालमध्ये होता. मी स्वतः पाहिला.”

“लाल?”

“लालभडक. तुम्हाला सवयीने हिरवा वाटला असेल.”

भाऊजींनी हात डोळ्यांवरच्या पट्ट्यांकडे नेला. मग म्हणाले, “असेल. डोळे आधीच अधू झाले असतील माझे. माझीच चूक.” आपल्या डोळ्यांनी शेवटचं जे धड पाहिलं, तेही त्यांनी देऊन टाकलं.

ताईने चमचा वाटीत ठेवला.

“तू कधी पाहिलास?” तिने विचारलं.

“अगं, ते पिन काढत होते तेव्हा. मी शेजारीच तर होतो.”

“म्हणजे दाबायच्या आधी.”

“हो, आधीच...” तो बोलला आणि थांबला.

“लाल म्हणजे निकामी, हे तुला ठाऊक होतं. यांनी हजारदा सांगितलंय.” ताईचा आवाज चढला नाही. “मग तू ‘थांबा’ का नाही म्हणालास? नुसतं ‘जपून’ म्हणालास?”

मीटरवाला शर्टाचं बटण फिरवत उभा राहिला. ताई त्याच्याकडे बघत राहिली. ती त्याला ओळखत होती. लहानपणी चोरून खाल्लं की तो असाच उभा राहायचा. वाळू तिला कळली नाही, डिंक कळला नाही, पण हा माणूस माहीत असून बाजूला उभा राहिला, एवढं तिला कळलं. तेवढं तिला पुरेसं होतं.

“अगं, त्याची गाडी जळत होती,” भाऊजी उशीवरून म्हणाले. “अशा वेळी कुणाला काय सुचतं? त्याला नको बोलूस.” आणि बँडेज बांधलेला हात हवेत चाचपडत पुढे केला. “छोट्या, आहेस ना रे?”

मीटरवाला हात पुढे करणार होता. ताईने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

“नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “गेला तो.”

“असा न सांगता?”

“हो. गेला.”

ती नजर काढून घेईना. मीटरवाल्याला श्वास घ्यायचीही भीती वाटली. त्याने वाकून चपला काढल्या, आवाज होऊ नये म्हणून हातात घेतल्या, आणि अनवाणी दाराकडे निघाला.