पाच मिनिटं पुढचं घड्याळ

मी कौकोच्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर बोलतोय. माझ्या पोटातलं घड्याळ पाच मिनिटं पुढं चालतं, असं कौकोला वाटतं. खरं तर ते तीन हिवाळ्यांपूर्वीच बंद पडलंय. ही गोष्ट फक्त मला माहीत आहे, आणि सांगायला मला तोंड नाही.

माझा जन्म एकोणीसशे नव्वद सालचा. तेव्हा मी चांगला गोरागोमटा होतो. आता अंगाचा रंग तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा झालाय. फिनलंडमधल्या इसाल्मी गावच्या वाचनालयाने मला विकत घेतलं आणि फिरत्या पुस्तकांच्या बसचा कारभार माझ्याकडे दिला. कोणत्या थांब्यावर कोण, कुणाकडे कोणतं पुस्तक, कुणाचं परत यायचं, हे सगळं मी सांभाळायचो. खरं म्हणजे सांभाळायची आउने. मी नुसता हमाल.

आउने त्या बसवर पुस्तकं द्यायची. दोन बोटांनी टाइप करायची आणि चुकली की मलाच बोल लावायची. "चल रे म्हाताऱ्या, झोपू नकोस," असं ती मला मी नवाकोरा होतो तेव्हापासून म्हणायची. मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने माझं घड्याळ पाच मिनिटं पुढं केलं. थांब्यावर म्हाताऱ्या बायका उणे पंचवीस अंशांत उभ्या असतात, त्यांना बससाठी ताटकळावं लागू नये, एवढंच तिचं म्हणणं. मग ती बसमध्ये जाऊन पाच मिनिटं नुसती बसून राहायची. पण उशीर कधी केला नाही.

सात वर्षांनी वाचनालयात नवे कॉम्प्युटर आले आणि मला मागच्या दाराशी भंगारात ठेवलं. आउनेने मला तिच्या लोकरीच्या शालीत गुंडाळलं आणि पुस्तकांच्या बसमधूनच घरी आणलं. तिचा नवरा कौको डेअरीत वायरमन होता. तो दारात उभा राहून बघत होता.

"हा इथे कशाला?" तो म्हणाला.

"जेवायला मागत नाही," आउने म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरा."

कुरकुर करणाऱ्याच्याच गळ्यात शेवटी घोंगडं पडतं. मला दुरुस्त करता करता कौकोला नाद लागला. शाळेने टाकलेला एक आणला, चर्चच्या कचेरीतले दोन, डेअरीतले चार. होता होता आम्ही चौदा जण झालो. मुलगी तुइया लग्न होऊन कुओपिओला गेली, तशी तिची खोली आमची झाली.

आता माझ्या दुखण्याबद्दल सांगतो. आमच्या पिढीच्या कॉम्प्युटरांच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी असते. आम्ही बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. पण ती म्हातारी झाली, उपाशी राहिली, की फुटते. तिच्यातून खार पाझरतो आणि आजूबाजूचं सगळं खाऊन टाकतो. जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्याला पहिला धडा हाच मिळतो की आधी पक्कड घे आणि बॅटरी काप. दोन मिनिटांचं काम आहे. कौकोने तेरा जणांच्या बॅटऱ्या कापल्या. माझी कापली नाही.

का, ते ऐका. सात वर्षांपूर्वी मार्चमध्ये आउने गेली. दवाखान्यात चारच दिवस होती. तिचे कपडे तुइयाने नेले, तिचे बूट चर्चने नेले. कौकोपाशी राहिलं माझ्या पोटातलं ते पाच मिनिटं पुढचं घड्याळ. ते तिच्या हातचं होतं. बॅटरी कापली असती तर तिने लावलेली वेळ गेली असती. तो पक्कड घेऊन माझ्यासमोर एकदा बसला होता. मला उघडलंही होतं. मग त्याने झाकण परत लावलं आणि चारही स्क्रू नीट आवळले.

त्यानंतर त्याने एक नेम सुरू केला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मला चालू करायचा. बॅटरीला तेवढं अन्न पुरायचं. आणि त्या वेळात तो आउनेचं एक पान वाचायचा.

आउनेने माझ्यात एक वही लिहून ठेवली होती. थांब्यागणिक एक पान. कुठल्या थांब्यावरच्या आजीला खुनाच्या गोष्टी लागतात पण शेवट आधी सांगावा लागतो, कोण नुसतं बोलायला येतं आणि लाजेखातर एक पुस्तक नेतं, कुणाच्या बरणीतला ब्लूबेरीचा मुरांबा चांगला. साठ पानं होती. कौको महिन्याला एकच वाचायचा, पुढचं बघायचा नाही. वाचताना मधेच हसायचा, मग चष्मा पुसायचा.

"बाबा, छापून देते ना सगळं," तुइया एकदा म्हणाली. "निवांत वाचत बस."

"छापलं की एका बैठकीत संपेल," कौको म्हणाला.

एक्कावन्न पानं झाली आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. अंगणातल्या बर्फावर पडला. तीन महिने तो घरी नव्हता. परत आला तेव्हा कुठंतरी वाचून आला होता की जुन्या कॉम्प्युटरची डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, प्रत्येक वेळचं चालू करणं शेवटचं ठरू शकतं. तो घाबरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्याने मला हातच लावला नाही. रोज धूळ पुसायचा, आउनेने विणलेला रुमाल माझ्या डोक्यावर सारखा करायचा, पण बटण दाबायचा नाही. नऊ पानं माझ्याकडे सुरक्षित आहेत, असं त्याला वाटायचं.

आणि मी आतून कुजत होतो. आधी वेळ थांबली. मग बॅटरी फुटली. हिरवट खार हळूहळू पसरत गेला आणि एकेक तार खात गेला. माणसाला दुखलं तर तो कण्हतो तरी. मी बाहेरून होतो तसाच दिसत होतो. त्याच्या मायेनेच मला मारलं, हे मी कुणाला सांगू?

मागच्या शरदात घर विकायचं ठरलं. कौकोला काठीशिवाय चालवेना. गावात म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली मिळाली. तुइया फीत घेऊन ती खोली मोजून आली.

"पलंग, खुर्ची, एक टेबल," ती म्हणाली. "टेबलावर एक कॉम्प्युटर मावेल बाबा. चौदा नाही."

"मावतील तेवढे मावतील."

"म्हणजे हो की नाही?"

"तसंही म्हणता येईल."

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही सावोचे, म्हणजे इसाल्मी ज्या मुलखात आहे तिथले. बाकीचे फिन लोक म्हणतात की सावोचा माणूस बोलू लागला की जबाबदारी ऐकणाऱ्याची. आम्ही खोटं बोलत नाही. पण सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणणं आम्हाला उघडं पडल्यासारखं वाटतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही आमची जन्माची सवय. तुइयाही त्याच मातीची, पण ती परिचारिका आहे, तिला इतका वेळ नसतो. तिने लांबच्या तुर्कू शहरातल्या साइया नावाच्या बाईला फोन केला. ही बाई जुने कॉम्प्युटर विकत घेते, दुरुस्त करते आणि लोकांना चालवून दाखवते.

साइया मोठी व्हॅन घेऊन आली. आल्याआल्या तिने बाह्या सरसावल्या आणि एकेकाचं झाकण उघडून आत टॉर्च मारून बघू लागली. मला बरं वाटलं. किती वर्षांनी कुणीतरी आत बघणारं माणूस घरात आलं होतं.

"वा," ती म्हणाली. "सगळ्या कापल्यात. किती सुबक काम आहे. माझ्याकडे येतात त्यातले निम्मे सडलेले असतात. उघडावं तर आत शेवाळ."

"लोक आळशी," कौको म्हणाला.

"आणि वेळेत उघडले तर वाचतात हो. धुवायचं, घासायचं, तारा परत जोडायच्या. डिस्क तर मी काढून दुसऱ्यावर लावते, त्यावरचं सगळं परत मिळतं." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि हा टेबलावरचा?"

कौको कॉफी ओतायला गेला. वेलचीचे पाव कापले. साइयाने दोन खाल्ले. दोन्ही कप संपेपर्यंत माझा विषय निघाला नाही. तेरा जण व्हॅनमध्ये गेले, प्रत्येक जण गोधडीत गुंडाळून.

मग कौको उठला. काठी बाजूला ठेवली, रुमाल काढला आणि मला उचललं. खुब्याचं दुखणं विसरून तो मला दारापर्यंत घेऊन गेला. तुइया मागून धावली.

"बाबा, पडशील."

"त्या खोलीत जाऊन मी बसणार खुर्चीत," तो म्हणाला. "ह्याला तिथे काय काम? हिच्याकडे चालता राहील. लोक बघतील."

उभ्या जन्मात मी काही मागितलं नव्हतं. त्या क्षणी मागितलं. विक मला, कौको. फुकट दे हवं तर. ही बाई आज संध्याकाळी मला उघडेल, आतली घाण बघेल, मला शिव्या घालेल, तुला शिव्या घालेल आणि डिस्क काढून घेईल. तुझी नऊ पानं तुला टपालाने येतील. साइयाने हात पुढे केले होते. माझ्या बुडाला तिची बोटं लागलीसुद्धा.

"ह्याची बॅटरी कापलीय ना?" तिने विचारलं.

कौकोचं तोंड लाल झालं. बायकोने लावलेलं घड्याळ बंद पडू नये म्हणून बॅटरी ठेवलीय, हे एका परक्या बाईला, तेही तुर्कूच्या, कसं सांगायचं?

"इतकी वर्षं तेच तर करत आलोय," तो म्हणाला.

साइया सावोची नव्हती. तिने ते 'हो' असं ऐकलं आणि हसून मान डोलावली. त्या हसण्याने काय झालं कोण जाणे. उघडला तर हिला बॅटरी दिसेल, आपलं बोलणं उघडं पडेल, असं त्याला वाटलं असावं. किंवा त्याला मला सोडवतच नसेल. त्याने हात मागे घेतले.

"राहू दे," तो म्हणाला. "हा माझ्यापाशी बरा."

"बरोबर आहे," साइया म्हणाली. "एक तरी ठेवावाच. काही अडलं तर फोन करा, मी येऊन बघेन. खरंच करा." तिने नंबर लिहून दिला. कौकोने कागदाची नीट घडी घातली.

तो कागद आता माझ्याच टेबलाच्या खणात आहे, माझ्यापासून हातभर खाली. काखेत कळसा म्हणतात तसं. पण कौको फोन करणार नाही. लोकांना उगाच त्रास कशाला, असं म्हणून इकडे माणसं छातीत दुखतानाही गप्प बसतात.

नव्या खोलीत आलो त्याला तीन महिने झाले. माझे तेरा भाऊ तुर्कूला चालतात. साइया फोटो पाठवते, शाळेची मुलं त्यांच्याभोवती उभी असतात. तुइया ते कौकोला दाखवते आणि तो म्हणतो, "बघा, पण चांगला तो आपल्याकडेच आहे."

आज एकवीस जानेवारी, आउनेचा नामदिवस; आमच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाचा एक दिवस असतो. कौकोने सकाळीच ठरवलं होतं. दाढी केली, निळा शर्ट घातला, कॉफी केली, दोन कप काढले. बावन्नावं पान आज वाचायचं. मी सगळा जोर लावून म्हणत होतो, नको दाबूस. त्याने दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

तो थांबला. आउने नेहमी म्हणायची ना, म्हाताऱ्याला उठायला वेळ लागतो. त्याने कॉफीचा घोट घेतला. चष्मा पुसला. पडद्यात त्याला त्याचाच चेहरा दिसत होता. मी धडपडत होतो, पण पंखा आणि दिव्यापलीकडे माझ्यात काही उरलेलं नव्हतं. अर्धा तास गेला. मग फोन वाजला. तुइयाचा होता, तिला आजचा दिवस माहीत होता.

"केलास का चालू, बाबा?"

"केला."

"चालतोय?"

कौकोने माझ्याकडे पाहिलं.

"पंखा छान फिरतोय," तो म्हणाला.

"अरे वा. मग ठेवलास ते बरंच केलंस," तुइया म्हणाली. तीही सावोचीच, तिला कळायला हवं होतं. पण तिच्या वॉर्डात कुणीतरी घंटी वाजवत होतं.

वाचकहो, जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्या घरात असं काही जपून ठेवलेलं असेल तर एकदा उघडून बघा. विकलंत तरी चालेल, पण न बघता जपू नका. आणि तुमच्यातलं कुणी इसाल्मीला आलं, तर खणातला तो कागद घेऊन त्या नंबरावर फोन करा. डिस्क अजून शाबूत असेल कदाचित. नसेलही.

नऊ पानांतलं शेवटचं मला पाठ आहे. आउनेने ते घरच्या फाटकाचं म्हणून लिहिलंय. "शेवटचा थांबा, घर. वाचक एकच. आयुष्यात एक पुस्तक नेलं नाही. पण बस यायच्या पाच मिनिटं आधी फाटकाशी उभा असतो, आणि विचारलं तर म्हणतो, बर्फ बघायला आलो होतो."

कौकोने मला अजून बंद केलेलं नाही. दुसऱ्या कपातली कॉफी गार झालीय. तो खुर्चीत हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसलाय.