मिठाच्या पाण्याचा ताडगोळा

जावयाला फसवण्यात अख्ख्या चंदननगरात माझा हात धरणारी बाई नाही. जामाईषष्ठीला जावई जेवायला येतो, सासू त्याच्या मनगटाला पिवळा दोरा बांधते, ताडपंख्याने वारा घालते आणि मग ताटात एक तरी लबाडी करते, ही आमची रीत. सौगतला मी पहिल्या वर्षी लुचीत, म्हणजे मैद्याच्या पुरीत, शिवणाचा दोरा लाटून वाढला. बिचारा दोन्ही हातांनी ओढत बसला. मग एकदा बटाटा कोरून पाकात सोडला आणि रसगुल्ला म्हणून दिला. गेल्या वर्षी ताडगोळ्याच्या साच्यातला संदेश, ही आमची छेन्याची मिठाई. तो चावला की आतलं गुलाबपाणी तोंडात येतं. मी आत मिठाचं पाणी भरलं होतं. सगळं सदऱ्यावर सांडलं, आणि दाराआड उभी असलेली माझी लेक झुमुर हसून हसून खालीच बसली.

या वर्षी झुमुर चैत्रापासून माझ्याकडेच होती. सासूशी शब्दाला शब्द वाढला आणि हिने भरलं ताट तिच्यासमोर भिरकावलं. डोकं माझ्यावरच गेलंय. सौगत त्यावर काही बोलला नाही, आणि तेच हिला लागलं. बॅग भरली आणि गंगा ओलांडून आली. त्यानंतर ना त्याचा फोन, ना हिचा. षष्ठीला येतो असं त्याने कळवलं तेव्हा झुमुर एवढंच म्हणाली, "रीत म्हणून येतोय, मा. या खेपेला नेलं नाही तर पुन्हा नेणार नाही."

माझं धाबं दणाणलं.

सकाळी संदेश साच्यात घालत होते तेव्हा शेजारची पद्मादी डोकावली. "मीठ भरलंस का?"

"एकात भरलंय. पण वाढायचा धीर होत नाही. आधीच घुश्शात आहे, त्यात थट्टा केली तर ताटावरून उठून जाईल."

"मग काय पाहुण्यासारखं वाढणार?"

"हो, पाहुण्यासारखं. तू तुझा जावई सांभाळ."

ती तोंड वाकडं करून गेली. मिठाचा संदेश मी वरच्या फळीवर वाटीखाली झाकून ठेवला.

सौगत आला. दोरा बांधताना गाठ दोनदा सुटली. झुमुर मागच्या खोलीतून बाहेर आलीच नाही. मी वारा घालत मनात षष्ठीमातेचा धावा करत होते, आणि तो हळूहळू जेवत होता. लुची फाडून त्याने आत पाहिलं. डाळ हुंगली. आंबा अंगठ्याने दाबून बघितला. दर घासाला त्याचा चेहरा आणखी उतरत होता, आणि मी मूर्ख, मला वाटलं इलिश मासा शिळा निघाला. शेवटी संदेश. डाव्या हाताने सदरा मागे धरून, पुढे वाकून त्याने तो चावला. गुलाबपाणीच होतं. ते गिळून त्याने सदरा सोडला.

"बरा झालाय ना, बाबा?"

"सगळं चांगलं झालंय, मा." त्याने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. "या वर्षी काही केलं नाहीत?"

"केलं नाही म्हणजे? इलिश आहे, मटण आहे, चटणी आहे..."

"ते नाही. असू दे."

त्याने हात धुतले, माझ्या पाया पडला, चपला घातल्या आणि गेला.

ताट उचलायला वाकले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकूण एक लुची मधोमध उकललेली होती. बटाट्याच्या फोडीसुद्धा फोडून पाहिलेल्या. पोरगा तासभर आपली लबाडी शोधत होता, आणि मी भीतीपोटी त्याला परका करून वाढलं होतं.

स्टुलावर चढून वाटीखालचा संदेश काढला आणि अनवाणीच घाटाकडे पळाले. ज्येष्ठाच्या भर उन्हात, या वयात. "चपला तरी घाल," पद्मादी खिडकीतून ओरडली. मी थांबले नाही.

लाँचचा भोंगा झाला होता. सौगत फळीवर पाय ठेवणार तेवढ्यात मी त्याची बाही धरली. "एक राहिला होता."

त्याने संदेशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मिठाचा?"

"छे, गुलाबाचा. खा."

त्याने तो तोंडापाशी नेला. मग त्याने हात खाली घेतला आणि खिशातून रुमाल काढला.

"इथे नाही खाणार," तो संदेश रुमालात बांधत म्हणाला. "माझी फजिती बघून हसायला इथे कोण आहे? घरी खाईन. तिच्यासमोर." फळीवर चढून त्याने मागे पाहिलं. "या उकाड्यात उद्यापर्यंतच टिकेल, मा. तिला सांगा."

लाँच मधोमध जाईपर्यंत मी पायरीवर बसून होते. मग घरी येऊन मागच्या खोलीचं दार ठोठावलं.

"झुमुर, बॅग भर. संदेश आंबेल."